वादळ धडकण्याआधी

२०१९ च्या दिवाळीत अरबी समुद्रात ‘क्यार’ फिरत होते. रत्नागिरीच्या पश्चिमेला त्याने बाळसे धरले, ओमानच्या दिशेने सरकताना ते ‘सुपर सायक्लोन’च्या पायरीवर पोहोचले, आणि मग दक्षिणेकडे वळून सोमालियाच्या बाजूला विरून गेले. ऐन भरात असताना त्याच्या पोटातला वारा ताशी २४० किलोमीटरच्या घरात होता. २००७ च्या ‘गोनू’नंतर एवढे प्रबळ वादळ अरबी समुद्राने पाहिले नव्हते. पण क्यार भारताच्या किनाऱ्यावर कुठेही धडकले नाही. त्यामुळे आपल्याकडच्या बातम्यांत ते तीन-चार दिवस टिकले आणि ‘धोका टळला’ या मथळ्याखाली संपले. कोकणातल्या मच्छीमारांसाठी मात्र काहीही टळले नव्हते. मासळीच्या ऐन हंगामात नौका खाड्यांत आडोशाला नांगरून बसल्या, आणि क्यार विरण्याआधीच ‘महा’ नावाचे दुसरे वादळ त्याच समुद्रात उभे राहिले.

वादळाबद्दल आपण विचारतो तो प्रश्न एकच असतो: ते कुठे धडकणार? दूरचित्रवाणीवरचा नकाशा, त्यावरचा बाण, जिल्ह्यांची नावे, रिकामी केलेली गावे, सगळे त्या एका प्रश्नाभोवती फिरते. प्रश्न रास्तच आहे, कारण माणसे किनाऱ्यावर दाटीने राहतात आणि वादळातले बहुतेक मृत्यू भरतीच्या लाटेने किनाऱ्यावरच झाले आहेत. पण वादळाचे जवळजवळ सारे आयुष्य समुद्रावर जाते, आणि समुद्र रिकामा नसतो. तिथे मालवाहू जहाजे असतात, तेलविहिरींचे फलाट असतात, त्यांच्या दिमतीचे तराफे असतात, दहा-दहा दिवसांच्या फेरीला निघालेले ट्रॉलर असतात. दीडशे वर्षांत उष्णकटिबंधातल्या वादळांचा अंदाज कमालीचा सुधारला. सुधारलेला अंदाज समुद्रावरच्या माणसापर्यंत मात्र त्या मानाने फारच कमी पोहोचला. या लेखाचा रोख त्या तफावतीवर आहे.

वादळ कसे तयार होते ते थोडक्यात सांगतो, कारण ते आता शाळेच्या पुस्तकातही असते. समुद्राचे पाणी साडेसव्वीस अंशांहून उबदार हवे, आणि ही ऊब नुसती वरवरची न राहता पन्नासेक मीटर खोलवर गेलेली हवी. विषुववृत्तापासून साधारण पाच अंश तरी दूर असावे लागते, नाहीतर पृथ्वीच्या फिरण्याने वाऱ्याला मिळणारा पीळ अपुरा पडतो. मधल्या थरात दमट हवा हवी. आणि वरचा वारा व खालचा वारा यांच्या वेगात व दिशेत फार फरक नको, कारण तसा फरक असला की उभारत आलेल्या वादळाचा माथाच उडतो. ही शेवटची अट आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची. जुलै-ऑगस्टमध्ये अरबी समुद्र खवळलेला असतो, पण चक्रीवादळे जवळजवळ होत नाहीत. खाली नैर्ऋत्येचा मान्सून आणि वर पूर्वेकडून सुटलेला जोरकस वारा, या दोघांच्या ओढाताणीत वादळाला उभे राहता येत नाही. म्हणून आपल्याकडे वादळांचे दोन हंगाम आहेत: मान्सून येण्याआधीचा आणि तो परतल्यानंतरचा. दुसरा हंगाम मासेमारीच्या उत्तम दिवसांवर येऊन बसतो. त्याकडे पुन्हा यायचे आहे.

जगात दरवर्षी ऐंशीच्या आसपास नाव देण्याजोगी वादळे होतात. त्यांतली सर्वाधिक वायव्य प्रशांत महासागरात, फिलिपिन्स-जपानच्या बाजूला. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र मिळून वाट्याला येतात ती सरासरी पाच. आकडा किरकोळ वाटेल. पण १९७० च्या नोव्हेंबरात भोला बेटावर आणि आसपास एका रात्रीत तीन लाखांहून अधिक माणसे गेली, आणि २००८ मध्ये ‘नर्गिस’ने म्यानमारमध्ये एक लाख अडतीस हजारांच्या आसपास माणसे मारली वा बेपत्ता केली. मनुष्यहानीत या छोट्या खोऱ्याची बरोबरी दुसरा कोणताही समुद्र करू शकत नाही.

इशारा देण्याची कल्पना जन्मली ती मात्र जहाजांसाठी. हेन्री पिडिंग्टन हा कलकत्त्यातला इंग्रज अधिकारी जहाजांच्या रोजनिशा गोळा करून वादळांचा माग काढत असे. ‘सायक्लोन’ हा शब्द त्याचाच, १८४८ सालच्या त्याच्या खलाशांसाठीच्या पुस्तकातला. त्या पुस्तकासोबत पारदर्शक चकत्या होत्या. कप्तानाने चकती नकाशावर ठेवायची, आपल्याकडचा वारा कुठून येतो ते जुळवायचे आणि वादळाचा डोळा कुठे असेल ते ताडायचे. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले तर उत्तर गोलार्धात कमी दाबाचे केंद्र डाव्या हाताला असते, हा नियम आजही नाविकांना शिकवतात. वादळाच्या वाटेची उजवी बाजू आपल्याकडे अधिक घातक. तिथे वादळाची चाल वाऱ्याच्या वेगात मिसळते आणि जहाज वादळाच्या पुढ्यात ओढले जाते. पिडिंग्टनच्या काळी कप्तानाला इशारा देणारे दुसरे कोणी नव्हते. वायुभारमापकाचा पारा, वारा आणि चकती, एवढ्यावर निभवायचे. हाच पिडिंग्टन लॉर्ड डलहौसीला बजावत होता की मातला नदीवर कॅनिंग बंदर उभारू नका, वादळाची लाट ते गिळून टाकेल. बंदर उभे राहिले आणि १८६७ च्या वादळाने ते उद्ध्वस्त केले. तोवर पिडिंग्टन हयात नव्हता.

सरकार जागे झाले ते १८६४ च्या ऑक्टोबरात, कलकत्त्याच्या वादळात साठ हजारांच्या आसपास माणसे आणि हुगळीतली बहुतेक जहाजे गेल्यावर. पुढच्याच वर्षी कलकत्ता बंदरासाठी वादळाचे इशारे सुरू झाले. भारतीय हवामान खाते स्थापन झाले १८७५ मध्ये, म्हणजे आधी बंदराचा इशारा आला आणि मागाहून खाते. पश्चिम किनाऱ्याला ही सोय १८८० च्या सुमारास मिळाली, पण सोय मिळणे आणि जहाज वाचणे यांत अंतर होते. १८८८ च्या नोव्हेंबरात कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट पोरबंदरच्या पुढे वादळात सापडली आणि सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. बोटीवर विजेचे दिवे होते म्हणून गुजराती लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. तिचा सांगाडाही कोणाला मिळाला नाही. किनाऱ्यावर कोणाला काही कळले असते तरी एकदा नांगर उचललेल्या बोटीला ते सांगण्याचे साधनच तेव्हा अस्तित्वात नव्हते.

किनाऱ्यावरून जे सांगता येत होते ते म्हणजे बावटा. १८९८ पासून भारतातल्या बंदरांवर एकसारखे संकेत लागू झाले आणि तीच अकरा आकड्यांची पद्धत अजून चालते. दिवसा शंकू आणि नळकांड्याचे आकार, रात्री लाल-पांढरे दिवे. एक आणि दोन हे दूरचे इशारे: बंदराला अजून धोका नाही, पण निघालेल्या जहाजाला पुढे वादळ भेटू शकते. तीन आणि चार बंदरासाठीच सावधगिरीचे. पाच ते सात धोक्याचे, आठ ते दहा मोठ्या धोक्याचे. अकरावा फार बोलका आहे. हवामान केंद्राशी संपर्क तुटला, आता बंदर अधिकाऱ्याला जे दिसते त्यावरून धोका समजा. कोकणात ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य आजही नुसते उच्चारले की पुढचे सांगावे लागत नाही. पण बावटा दिसतो तो बंदरातल्याला.

आजच्या अंदाजाची ताकद उपग्रहांत आहे. १९७० च्या दशकात व्हर्नन ड्वोरॅक या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने नुसत्या उपग्रहचित्रांतल्या ढगांच्या घडणीवरून वादळाची तीव्रता ठरवण्याची रीत बसवली, आणि जगभरची केंद्रे ती अजून वापरतात. आपल्या समुद्रांवर तर तिचा आधार जास्तच लागतो. अटलांटिकमध्ये अमेरिकेची विमाने थेट वादळाच्या डोळ्यात शिरून दाब आणि वारा मोजतात. हिंदी महासागरात अशी नियमित उड्डाणे होत नाहीत. म्हणून इथे सांगितलेला वाऱ्याचा वेग बहुतेक वेळा मोजलेला नसून ताडलेला असतो, हे बातमी वाचताना ध्यानात ठेवलेले बरे. मदतीला इन्सॅट मालिकेचे उपग्रह आहेत, समुद्राच्या पृष्ठभागावरून वारा ओळखणारी ओशनसॅटसारखी साधने आहेत, आणि चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने खोल समुद्रात नांगरलेले तरंगते बोये आहेत. बोयांचे दुखणे वेगळेच. त्यांच्या सावलीला मासे जमतात, त्यामुळे मासेमारी नौका त्यांना दोर बांधतात, कधी सौरपट्ट्या आणि तारा काढून नेतात. ज्याला इशारा हवा तोच इशाऱ्याचे यंत्र मोडतो, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्या बोयाचा आपल्याशी संबंध काय, हे त्या नौकेला कोणी कधी सांगितलेले नसते, हेही तितकेच खरे.

वाटेच्या अंदाजात झालेली सुधारणा मात्र निर्विवाद आहे. चोवीस तासांनंतर वादळ कुठे असेल याबाबतची हवामान खात्याची सरासरी चूक वीस वर्षांपूर्वी दीडशे किलोमीटरच्या आसपास होती. ती आता पाऊणशेच्या घरात आली आहे. तिचे फळ ओडिशात दिसते. १९९९ च्या महावादळात दहा हजारांच्या आसपास मृत्यू झाले. २०१३ च्या ‘फायलिन’च्या वेळी दहा लाखांच्या आसपास माणसे आधीच हलवली गेली आणि मृतांची संख्या पन्नाशीच्या आत राहिली. बांगलादेशने १९७२ मध्ये उभारलेली स्वयंसेवकांची फळी, हातात कर्णा घेऊन गावोगाव फिरणारी, हे तर जगाने शिकावे असे उदाहरण. दुसरी बाजू म्हणून म्यानमारचा अनुभवही सांगायला हवा. नर्गिसबद्दलचे इशारे नवी दिल्लीहून यांगूनला आधीच गेले होते. इरावतीच्या मुखाशी राहणाऱ्यांपर्यंत ते नीट पोहोचलेच नाहीत.

अंदाज अजून अडखळतो तो तीव्रतेत. चोवीस तासांत वाऱ्याचा वेग तीस नॉट, म्हणजे ताशी पंचावन्न किलोमीटरने वाढला, तर त्याला वादळाचे झपाट्याने तीव्र होणे म्हणतात. किनाऱ्यावरचा माणूस अशा बदलातही काही तास काढून शाळेच्या पक्क्या इमारतीत जाऊ शकतो. आठ-दहा नॉटने चालणारी, किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरवरची नौका काही करू शकत नाही.

समुद्रावरच्या इशाऱ्यांची जागतिक व्यवस्था कागदावर भक्कम आहे. जागतिक हवामान संघटनेने उष्णकटिबंधातले महासागर वाटून दिले आहेत: मायामी, होनोलुलू, टोकियो, नवी दिल्ली, ला रेयुनियाँ आणि फिजीतले नादी ही सहा विभागीय केंद्रे, जोडीला ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड वगैरेंची आपापली. आपल्या बाजूच्या वादळांना नावे देण्याची प्रथा २००४ पासूनची. आता तेरा देशांनी सुचवलेल्या १६९ नावांची यादी आहे. बोटींना इशारा देण्याचा कारभार निराळा. त्यासाठी जगातले समुद्र एकवीस विभागांत कापले आहेत आणि विषुववृत्ताच्या उत्तरेकडचा बहुतांश हिंदी महासागर भारताकडे आहे. १९९९ पासून मोठ्या जहाजांना उपग्रहावरून आणि किनाऱ्याजवळ ५१८ किलोहर्ट्झवर छापील इशारे घेणारी यंत्रे ठेवावीच लागतात. उलट, वादळ भेटले तर ते कळवणे हे कप्तानाचेही कायदेशीर कर्तव्य आहे.

आणि तरीही मोठी जहाजे बुडतात. १९४४ च्या डिसेंबरात फिलिपिन्सच्या पूर्वेला अमेरिकी ॲडमिरल हॅल्सीचे आरमार टायफूनमध्ये शिरले, तीन विनाशिका बुडाल्या आणि ७९० माणसे गेली. जगातले सर्वांत सुसज्ज आरमार, स्वतःचे हवामानतज्ज्ञ सोबत, आणि वादळ कुठे आहे याचा पत्ता चुकलेला. त्यानंतर अमेरिकी नौदलाने प्रशांत महासागरासाठी हवामानाची वेगळी यंत्रणा उभी केली. २०१५ मधले ‘एल फारो’ तर आपल्याच काळातले. फ्लोरिडाहून पोर्टो रिकोकडे निघालेले हे मालवाहू जहाज ‘वाकीन’ या हरिकेनमध्ये तेहतीस जणांसह बुडाले. चौकशीत निघाले ते असे: मायामीचे ताजे इशारे जहाजावर येत होते, पण कप्तान ज्या सशुल्क संगणकीय नकाशांवर विसंबला होता ते कित्येक तास शिळे होते. नकाशा सुबक, रंगीत आणि जुना. इशाऱ्याचा साधा मजकूर कुरूप आणि ताजा. त्याने नकाशा पाहिला. हवामानाच्या माहितीला साठवणुकीचा काळ नसतो, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे प्रकरण मला आठवत नाही.

जहाजांना शिकवतात तो नियम असा की चौतीस नॉटच्या वाऱ्याच्या घेरात शिरायचेच नाही, आणि त्या घेराभोवती अंदाजातल्या चुकीसाठी पहिल्या दिवशी शंभर, दुसऱ्या दिवशी दोनशे, तिसऱ्या दिवशी तीनशे सागरी मैल जास्तीचे सोडायचे. हा नियम ज्याच्याकडे इंधन, वेग आणि उपग्रह आहे त्याच्यासाठी आहे. आपल्या तांडेलाकडे, म्हणजे मासेमारी नौकेच्या कप्तानाकडे, यातले काय असते?

याचे उत्तर ‘ओखी’ने २०१७ मध्ये दिले. २९ नोव्हेंबरला श्रीलंकेच्या आग्नेयेला कमी दाबाचे क्षेत्र होते. ३० तारखेच्या सकाळी, कन्याकुमारीच्या तोंडाशी, काही तासांत त्याचे चक्रीवादळ झाले. ‘मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये’ असा इशारा आधी निघाला होता. तो वाचून पाहा. त्यात घरी असलेल्या माणसाला सांगितले आहे की जाऊ नकोस. जो चार दिवसांपूर्वीच गेला आहे त्याच्यासाठी त्यात एक शब्द नाही. तामिळनाडूतल्या तूतूर परिसरातले मच्छीमार खोल समुद्रात आठवडेच्या आठवडे राहतात. केरळ-तामिळनाडूतले तीनशेच्या घरात मच्छीमार मेले वा बेपत्ता झाले. ज्या नौका वाऱ्यापुढे उत्तरेकडे पळाल्या त्यांतल्या साठहून अधिक सिंधुदुर्गात देवगडला लागल्या. साडेनऊशेच्या आसपास खलाशी उपाशीतापाशी, भाषा न कळणाऱ्या किनाऱ्यावर उतरले. त्यांना तिथे थारा मिळाला. वादळाबद्दल त्यांना पहिल्यांदा सांगितले ते वादळानेच.

ओखीनंतर हालचाल झाली, हे नोंदवले पाहिजे. तिरुवनंतपुरमला स्वतंत्र चक्रीवादळ इशारा केंद्र झाले. मोबाइलचा टप्पा किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर संपतो, म्हणून हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेने २०१९ मध्ये ‘जेमिनी’ हे उपग्रहाचा संदेश झेलून मोबाइलवर दाखवणारे यंत्र आणले. ते फक्त ऐकते, बोलत नाही. नंतर इस्रोच्या तंत्रावर आधारलेले दुतर्फा संदेशाचे ट्रान्सपॉन्डर नौकांवर बसवण्याची योजना आली. योजना चांगली आहे. पण तिला दोन गाठी आहेत. एक म्हणजे यंत्र नौका कुठे आहे तेही दाखवते, आणि चांगला मासा मिळणारी जागा कोणालाही दाखवायची नसते. मनाई असलेल्या हद्दीत शिरून मासेमारी करणाऱ्यांना तर नाहीच नाही. दुसरी गाठ पैशाची.

त्या गाठीवर थांबावे लागेल. फेरीवर निघालेल्या ट्रॉलरने डिझेल, बर्फ, शिधा उचललेला असतो, बहुधा उधारीवर. तिसऱ्याच दिवशी परत फिरले तर ती उधारी तशीच राहते आणि खलाशांचा वाटा शून्य. इशारा खरा ठरला तर कोणी आभार मानत नाही. खोटा ठरला तर नाखवा म्हणतो, शेजारची बोट नाही फिरली, तिला पापलेट मिळाले. त्यात इशाऱ्यांची भाषा. मान्सूनच्या चार महिन्यांत ‘वाऱ्याचा वेग ताशी ४५ ते ५५ किमी, झोत ६५ किमी’ हे वाक्य जवळजवळ रोज येते. ते खोटे नसते, पण रोजचे झाले की कानाला सवय होते, आणि ऑक्टोबरात तेच वाक्य निराळ्या अर्थाने आले तरी निराळे ऐकू येत नाही. म्हणून परतीचा निर्णय तांडेलाच्या हुशारीवर सोडणे मला अन्यायाचे वाटते. हंगामात वादळाने बुडालेल्या फेरीची भरपाई आपोआप मिळाली, वाऱ्याच्या जाहीर इशाऱ्यालाच दावा मानला, तर निम्मे इशारे पाळले जातील. शेतकऱ्याच्या पिकाला हवामानावर आधारित विमा असू शकतो, तर समुद्रातल्या फेरीला का नसावा?

इशारा पोहोचला, वेळ होता, साधने होती, आणि तरी माणसे गेली, असेही एक प्रकरण महाराष्ट्राच्या दारातच घडले. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’बद्दलचे इशारे हवामान खात्याने ११ मेपासून द्यायला सुरुवात केली होती. १६ मेच्या रात्री आणि १७ मेला वादळ मुंबईच्या पश्चिमेने गुजरातकडे सरकले. मुंबईच्या तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ हा कामगारांच्या मुक्कामाचा तराफा होता, स्वतःचे इंजिन नसलेला, २६१ माणसे घेऊन नांगरलेला. नांगर तुटले, तो भरकटत एका फलाटावर आदळला आणि बुडाला. नौदलाने १८० हून अधिक माणसे वाचवली, सत्तरहून अधिक गेली. ‘वरप्रदा’ ही ओढबोटही बुडाली. इथे अंदाज चुकलेला नव्हता. इशारा अनेक टेबलांवर वाचला गेला होता. तराफा हलवायचा की तिथेच नांगर घट्ट करून थांबायचे हा निर्णय मालक, कंत्राटदार आणि तराफ्याचा कप्तान यांच्यामध्ये लोंबकळत राहिला. काम थांबवण्याचा खर्च कोणी सोसायचा हाच प्रश्न इथेही होता, फक्त आकडे मोठे.

समुद्र खवळायला चक्रीवादळच लागते असेही नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. तो पावसाळी समुद्र होता, एका बाजूला झुकलेली गर्दी होती, एक मोठी लाट होती. आजच्या इशाऱ्यात ‘लाटांची उंची तीन मीटर’ असे येते तेव्हा तो आकडा सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असतो. एखादी लाट त्याच्या दुपटीला पोहोचू शकते. हे इशाऱ्यात सहसा लिहिलेले नसते. केरळच्या किनाऱ्यावर ‘कल्लक्कडल’ म्हणतात तो प्रकार तर आणखी फसवा. दूर दक्षिण महासागरात वादळ होते, त्याची लांब लाट हजारो किलोमीटर प्रवास करून येते आणि इथे आभाळ निरभ्र, वारा पडलेला असताना पाणी वाड्यांत शिरते. कित्येक वर्षे त्याचे कारणच माहीत नव्हते. आता इन्कॉइस एक-दोन दिवस आधी सांगू शकते, आणि माझ्या मते ही या क्षेत्रातली सर्वांत कमी गाजलेली कामगिरी आहे.

अरबी समुद्र बदलतो आहे का? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली, त्यांचा मुक्कामाचा काळ ८० टक्क्यांनी वाढला. बंगालच्या उपसागरात मात्र संख्या थोडी घटली. २०२३ चे ‘बिपरजॉय’ तेरा दिवस टिकले. या टक्केवाऱ्यांकडे जरा जपून पाहावे. मूळ संख्याच लहान असल्याने दोन-चार वादळे इकडची तिकडे झाली तरी टक्के हलतात. पण समुद्र तापला आहे हे मोजलेले आहे, आणि वादळे जास्त टिकतात हे मच्छीमार मोजल्याशिवायही सांगतात.

जपून पाहण्याची गरज मागच्या इतिहासालाही आहे. ६ जून १८८२ च्या ‘मुंबईच्या महावादळा’त एक लाख माणसे मेली, असे आजही कित्येक याद्यांत छापलेले असते. अभ्यासकांनी त्या काळची वर्तमानपत्रे आणि हवामानाच्या नोंदी चाळल्या, तर असे वादळ झाल्याचा काही मागमूस लागला नाही. झालेली वादळे मात्र विस्मरणात गेली आहेत: १९४८ च्या नोव्हेंबरातले मुंबईचे, २००९ च्या नोव्हेंबरातले ‘फयान’, ज्यात कोकणातल्या कित्येक मच्छीमारांचा ठाव लागला नाही. जून २०२० चे ‘निसर्ग’ लक्षात राहिले, कारण ते अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आले आणि मुरूड-श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवून गेले. फयानची नोंद पाण्यात झाली, ती पाण्यातच राहिली.

तारखांकडे पाहिले तर यातली मेख कळते. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत मासेमारीला बंदी असते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून होड्या बाहेर काढायच्या ही कोळ्यांची रीतही त्या वेळापत्रकाशी जुळणारी. ही रचना मान्सूनच्या समुद्रासाठी चोख आहे. तिच्यात ऑक्टोबर ते डिसेंबरच्या वादळांना जागाच नाही, आणि फयान, ओखी, क्यार, महा ही सारी त्याच काळातली. मे महिन्याच्या उत्तरार्धातही तेच, कारण बंदीआधीची शेवटची कमाई तेव्हा होते. बंदी वाढवा असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. तीन महिन्यांत येणाऱ्या एक-दोन वादळांसाठी अख्खा हंगाम बंद ठेवणे म्हणजे अंदाज सुधारल्याचा काही उपयोगच न करणे.

प्रत्येक मोठ्या वादळानंतर हवामान खाते सविस्तर अहवाल काढते आणि तो वाचण्यासारखा असतो. वाटेची चूक किती किलोमीटर, तीव्रतेची किती नॉट, धडकण्याची वेळ किती तासांनी चुकली, सगळे तक्त्यांत मांडलेले. किती संदेश पाठवले तेही असते, लाखांच्या आकड्यांत. त्या तक्त्यांत आणखी एक रकाना हवा आहे. पहिला इशारा निघाला तेव्हा किती नौका बाहेर होत्या, त्यांतल्या कितींना तो मिळाला, किती तासांनी, आणि किती परत फिरल्या. हा रकाना भरायला हवामान खाते एकटे पुरणार नाही. मत्स्यव्यवसाय विभाग, तटरक्षक दल आणि मच्छीमार सोसायट्यांनी आपापल्या जेट्टीवरच्या नोंदी त्यात ओताव्या लागतील. जेट्टीवरून सुटणाऱ्या नौकेची वर्दी देण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी आहेच. ती सुरू झाली सुरक्षेसाठी, २६/११ नंतर.